वाचायच्या राहून गेलेल्या भय-रहस्य कादंबऱ्यांकडे परत जाताना

माझ्या वहीच्या मागच्या पानांवर वाचायच्या पुस्तकांची यादी आहे. मागे एकदा ती मोजायला बसले, तर ४३ कादंबऱ्या निघाल्या आणि त्यातल्या ३१ भुताखेतांच्या, गूढ, रहस्यमय नाहीतर थरारक. बाकीची पुस्तकं यादीत येतात आणि वाचून होतात. हीच का साचून राहतात, याचा विचार करताना लक्षात आलं की या कादंबऱ्यांना खंड चालत नाही. भीती आणि उत्कंठा पानापानाने साठत जाते. आज चार पानं, मग आठवडाभर काहीच नाही, असं वाचलं की साठलेलं सगळं झिरपून जातं आणि चांगली कादंबरीही बेचव लागते. मग ती बाजूला पडते आणि पुन्हा यादीत जाऊन बसते.

त्यामुळे यादी हलवायची तर वाचनाचा वेग वाढवून फारसं काही होत नाही. कुठलं पुस्तक केव्हा घ्यायचं आणि किती सलग वाचायचं, हे आधी ठरवावं लागतं. या प्रकारातलं फारसं वाचलेलं नाही, पण यादी मात्र लांबत चालली आहे, अशांसाठी मी काय करते ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: यादी एका जागी आणा, पुढे कारण लिहा

यादी सहसा एकसंध नसते. चार नावं फोनमध्ये, दोन कुणीतरी पाठवलेल्या फोटोत, पाच-सात पुस्तकं कपाटात उभी, काही ई-बुकं घेऊन ठेवलेली. एका दुपारी हे सगळं एकाच कागदावर उतरवा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: पुस्तक हाताशी आहे का, आधी सुरू केलं होतं का, आणि ते यादीत का आलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. माझ्या यादीत एका नावापुढे लिहिलंय, ‘बंद विहिरीतून येणारी हाक’. दुसऱ्या नावापुढे, ‘सगळे म्हणतात चांगली आहे’. पहिलं कारण वाचताना आजही कान टवकारतात. दुसऱ्यात माझं स्वतःचं असं काहीच नाही. कारण आठवतच नसेल, तर पुस्तकाची पहिली दोन पानं वाचा. मलपृष्ठ नको, थेट कथेची पानं. तिसरं पान उलटावंसं वाटलं नाही तर नावावर काट मारा आणि पुस्तक हाताशी असेल तर दुसऱ्या कुणाला देऊन टाका. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली लिहून ठेवलंय की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. काट मारताना हे दोन्ही साधतं. माझी ४३ नावं या एका दुपारीच २६ वर आली.

दुसरी पायरी: कशाची वाट बघायची आहे, त्यावरून वर्ग करा

नव्या वाचकाची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. भय, गूढ, रहस्य आणि थरार हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण या चार प्रकारांना वाचकाकडून वेगवेगळ्या गोष्टी लागतात. मी प्रत्येक पुस्तकाबाबत एकच प्रश्न विचारते: पान उलटताना मी कशाची वाट बघणार आहे?

अमानवी काहीतरी समोर येण्याची वाट बघायची असेल, तर ती भयकादंबरी. त्यातही दोन जाती आहेत. ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ती म्हणते की पुढे काहीतरी भयंकर येणार या अंधुक जाणिवेने मन विस्तारतं, जागं होतं. भयंकर गोष्ट उघडपणे समोर आली की तेच मन आक्रसून थिजतं. आजच्या कादंबऱ्यांनाही ही फोड चपखल बसते. पहिल्या जातीच्या कादंबरीत पन्नास-साठ पानं काहीच ‘घडत’ नाही. घराची वर्णनं, माणसांचे स्वभाव, एखाद्या दाराचा वारंवार उल्लेख. ते वातावरण अंगात भिनायला सलग दोन तास तरी लागतात. अशी कादंबरी दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत वाचायला घेऊ नका, तिच्यावर अन्याय होतो. दुसऱ्या जातीच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात रक्त सांडतं आणि ती थोडा खंड सोसते.

भूत आहे की मनाचे खेळ आहेत, हेच शेवटपर्यंत कळत नसेल, तर ते गूढ. त्स्वेतान तोदोरोव या अभ्यासकाने १९७० मध्ये अशा साहित्यावर पुस्तक लिहिलं. नैसर्गिक आणि अलौकिक या दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचकाचं मन दोलायमान राहतं तोवरच हा परिणाम टिकतो, असं त्याचं म्हणणं. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. दोन मुलांना सांभाळणाऱ्या बाईला आकृत्या दिसतात, आणि त्या खऱ्या की तिच्या मनातल्या यावर अभ्यासक आजही भांडतात. अशा पुस्तकात गोष्ट कोण सांगतंय आणि त्याच्यावर कितपत विसंबायचं, तिकडे लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचणाऱ्याला ही सवय आधीच असते, कारण तिथे भीती बऱ्याचदा माणसाच्या मनातूनच उगवते. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांचा नायक मात्र अमानवी शक्ती खरी मानूनच कामाला लागतो. प्रश्न उरतो तो तिला रोखायचं कसं, एवढाच. भय दोघांकडेही आहे, पण वाचकाने धरायचा पवित्रा वेगळा.

कुणी केलं, कसं केलं, हे कळण्याची वाट बघायची असेल तर ती रहस्यकादंबरी. इथे स्मरणशक्ती लागते. खंड पडला तर भीती वगैरे जात नाही, पण दुवे विसरतात आणि शेवटी उलगडा झाला की ‘अरे हो!’ म्हणण्याऐवजी आपण ‘असेल’ म्हणून पुस्तक मिटतो.

आणि थरार म्हणजे, संकट कोणतं ते कळलेलं आहे, आता ते टळतं की नाही एवढंच बघायचं. थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रान्स्वा त्र्युफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बने समजावला होता. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीतच नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो आहे, आणि टेबलाशी बसलेल्यांना माहीत नाही, हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं तो जीव मुठीत धरून बसतो. थरारकादंबऱ्यांची प्रकरणं बहुधा छोटी असतात. प्रवासात, रांगेत, जेवणानंतरच्या अर्ध्या तासात त्या सहज पुढे सरकतात. रोजच्या धावपळीत फक्त तुकड्यातुकड्यांचाच वेळ मिळत असेल, तर यादीतल्या थरारकादंबऱ्या त्या वेळासाठी राखून ठेवा.

एकच पुस्तक दोन वर्गांत बसलं तर बिघडत नाही. ज्याला जास्त सलग वेळ लागतो, त्या वर्गात ते टाका.

तिसरी पायरी: पानांचा आणि वेळेचा हिशेब

दहा मिनिटं घड्याळ लावून त्याच प्रकारचं पुस्तक वाचा आणि किती पानं झाली ते मोजा. समजा सहा झाली. म्हणजे तासाला ३६. मग ३२० पानांच्या कादंबरीला साधारण नऊ तास लागतील. हा आकडा कळला की गोष्ट सोपी होते: एका सुट्टीच्या दिवशी तीन तास आणि पुढच्या तीन संध्याकाळी दोन-दोन. मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली आहे. सुरू केलेली भयकादंबरी दहा दिवसांत संपली पाहिजे. तेवढा वेळ समोर दिसत नसेल तर ती उघडायचीच नाही, तोवर दुसरं काहीतरी वाचायचं.

पहिला चौथा हिस्सा शक्यतो एका बैठकीत वाचा. ३२० पानांच्या पुस्तकात तो ८० पानांचा, म्हणजे सव्वादोन तासांचा होतो. माणसं, जागा आणि पहिली खटकणारी गोष्ट एवढ्यात हाती लागते. त्यानंतर तासाभराच्या बैठकाही पुरतात.

सुरुवात मात्र बारीक पुस्तकाने करा. इतका सलग वेळ बसायची सवय मोडली असेल तर सहाशे पानांचा ठोकळा हातात घेऊ नये. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ (१८८६) किंवा शेरिडन ल फानूचं ‘कार्मिला’ (१८७२) ही दोन्ही एका सुट्टीच्या दिवशी संपतात. स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या आधी पंचवीस वर्षं लिहिली गेलेली ‘कार्मिला’ वाचून मग तिकडे गेलात, तर रक्तपिपासूंच्या कथेची वाट कुठून कुठे गेली तेही कळतं.

जुन्या जाड कादंबऱ्यांबाबत एक मजेची गोष्ट आहे. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ (१८५९-६०) आणि ‘द मूनस्टोन’ (१८६८) या दोन्ही मुळात साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आल्या. लोक आठवडाभर थांबूनच त्या वाचत होते, त्यामुळे खंड कसा सोसायचा हे त्या लिखाणातच आहे. हप्त्याच्या शेवटी उत्सुकतेचा गळ टाकलेला असतो आणि कोण काय सांगतंय याची आठवण करून दिलेली असते. जाड असूनही अशा कादंबऱ्या रोज थोड्या थोड्या वाचता येतात. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) हप्त्यांत आली नव्हती, पण ती रोजनिशी, पत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं यांनी बनलेली आहे आणि नोंदींवर तारखा आहेत. त्या तारखा वगळून पुढे जाऊ नका. दोन माणसांच्या नोंदींच्या तारखा ताडून पाहिल्या की एकाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला अजून कळलेलं नाही, हे ध्यानात येतं आणि पोटात गोळा येतो.

चौथी पायरी: आवृत्ती आणि क्रम तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते टाळलं तर पुढे पस्तावा होतो. स्टीफन किंगची ‘द स्टँड’ १९७८ मध्ये बरीच कापून प्रसिद्ध झाली आणि गाळलेला भाग परत घालून १९९० मध्ये पुन्हा आली. दोन्हींच्या जाडीत शेकडो पानांचा फरक आहे. वेळेचा हिशेब करताना आपल्या हातात कुठली आहे हे माहीत हवं. मालिकेतलं पुस्तक असेल तर ते कितवं ते बघा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंझार, काळा पहाड अशी त्यांची पात्रं पुन्हा पुन्हा भेटतात. तिथे कुठूनही सुरुवात केली तरी चालतं. हल्लीच्या थरारमालिकांत मात्र तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर दुसऱ्याचा शेवट फुटलेला असतो.

आणखी एक. धारपांच्या काही कादंबऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत. मूळ आणि बेतलेली, दोन्ही तुमच्या यादीत असतील तर त्या लागोपाठ वाचू नका. मध्ये चार-सहा महिने जाऊ द्या, म्हणजे दुसरीचाही आनंद घेता येईल.

स्वामित्वहक्क संपलेली जुनी इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत आणि रीतसर मिळतात. त्यांतल्या अनेकांची स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं लिब्रिव्हॉक्सवर आहेत. जड इंग्रजी वाचायला कंटाळा येत असेल तर ऐकत ऐकत वाचून बघा, वाक्यं आपोआप सुटी होतात.

पाचवी पायरी: शेवट जपा

मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. बऱ्याच मलपृष्ठांवर कथेचा पहिला तिसरा हिस्सा सांगून टाकलेला असतो. जुन्या अभिजात कादंबऱ्यांना अभ्यासकांनी लिहिलेल्या प्रस्तावना असतात आणि वाचकाने कादंबरी आधीच वाचलेली आहे असं त्यांत बहुधा गृहीत धरलेलं असतं. ती प्रस्तावना शेवटी वाचा, तेव्हा ती फार गोड लागते. ई-बुकात ‘किती टक्के झालं’ हा आकडा बंद करता येतो, तो बंद करा. ‘खुनी सापडला’ असं वाटत असताना ७१ टक्के दिसलं की तो खुनी नाही हे न वाचताच कळतं.

शेवट आधीच कळलेला असेल तर? त्यावरून पुस्तकावर काट मारू नका. लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये केलेल्या प्रयोगात, ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांना कथा उलट किंचित जास्त आवडल्या होत्या. त्या लघुकथा होत्या. तीनशे पानांच्या रहस्यकादंबरीला हे जसंच्या तसं लागू पडेल असं मला वाटत नाही, पण भयकादंबरीच्या बाबतीत माझा अनुभव तसाच आहे. घरात काय आहे हे माहीत असलं तरी जिना चढताना छाती धडधडायची थांबत नाही.

अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्यांचं काय करायचं

हा प्रश्न मला खूप छळायचा. एक कादंबरी मी ११२ व्या पानावर सोडली होती. आत खूण म्हणून औषधाच्या चिठ्ठीचा तुकडा. दीड वर्षाने तिथूनच पुढे सुरू केली. पानावरची पहिली ओळ अशी काहीशी होती की दिवाणजींनी कंदील जमिनीवर ठेवला. हे दिवाणजी कोण, हातात कंदील का, काही आठवेना. तशीच रेटत वीस पानं वाचली. ज्या जागी अंगावर काटा यायला हवा, तिथे मी मागची पानं चाळत नावं शोधत बसले होते.

पुस्तक मिटलं आणि पुढच्या रविवारी पहिल्या पानापासून सुरू केलं. नवव्या पानावर हेच दिवाणजी लहान मुलाला बजावतात की कंदील कधी जमिनीवर ठेवू नकोस, सावल्या माणसांपेक्षा मोठ्या होतात. पहिल्या वेळी ही ओळ माझ्या नजरेखालून गेली होती, पण तिचा ठसा मधल्या काळात पुसून गेला होता. आता ११२ व्या पानावर दिवाणजींनी कंदील खाली ठेवला, तेव्हा मी पुस्तक छातीशी धरून क्षणभर तशीच बसून राहिले.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: सोडून महिना उलटला असेल तर भय, गूढ आणि रहस्य या तिन्ही प्रकारांत पहिल्या पानापासून सुरुवात. थरारकादंबरी असेल तर मागची दोन प्रकरणं वाचून पुढे गेलं तरी भागतं.

वाचताना जवळ एक चिठ्ठी ठेवा. माझ्या चिठ्ठीवर फार काही नसतं. नावं आणि नाती, एखाद-दुसरी जागा, आणि उगाच खटकलेली गोष्ट पृष्ठांकासह: ‘पान ४७, खिडकी आतून बंद होती ना?’ ही खटकलेल्या गोष्टींची नोंद रहस्यकादंबरीत सोन्यासारखी उपयोगी पडते. लेखकाने दुवा पेरलेला असतो तो बहुतेक वेळा अशाच, सहज म्हणून आलेल्या वाक्यात.

रात्री वाचावं का

वाचावं, पण थांबायचं कुठे ते आधी ठरवून. प्रकरणाच्या शेवटी थांबायचं म्हटलं तर थांबणं होत नाही, कारण तिथेच लेखकाने गळ टाकलेला असतो. नाहीतर थांबतो आणि तो शेवट डोक्यात घेऊन अंथरुणात पडतो. पुढच्या प्रकरणाची तीन-चार पानं वाचून, माणसं चहा पीत बसली आहेत किंवा सकाळ झाली आहे अशा शांत परिच्छेदावर पुस्तक मिटा. झोपही लागते आणि दुसऱ्या दिवशी धागाही पटकन सापडतो.

काही विषय काहींना खरोखरच सोसत नाहीत. लहान मुलांवरची हिंसा, कोंडून ठेवणं, प्राण्यांचे हाल, स्वतःच्या घरात घडून गेलेल्या मृत्यूसारखा मृत्यू. अशा वेळी जाणकार मित्राला ‘यात हे आहे का’ एवढंच विचारून घ्या, बाकी काही सांगू नकोस म्हणा. मन हळवं झालेलं असेल त्या दिवसांत ते पुस्तक यादीत खाली सरकवलं तर त्यात कमीपणा काहीच नाही.

कधी सोडून द्यावं

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं द्या, मग ठरवा. तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, जो आकडा येईल तेवढीच पानं द्या. थरार आणि रहस्य यांना मी हा नियम जसाच्या तसा लावते. संथ भयकादंबरीला मात्र पन्नास पानं अपुरी पडतात. तिला तो पहिला चौथा हिस्सा, एका बैठकीत, एवढी संधी देते. तेवढ्यातही मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं नाही, तर ते पुस्तक माझ्यासाठी नाही.

एक संपली की लगेच त्याच वर्गातली दुसरी घेऊ नका. दोन भयकादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या की दुसरीतल्या किरकिरणाऱ्या दाराला पहिलीतल्या दाराचाच आवाज येतो. मध्ये एखादी रहस्यकादंबरी घ्या, किंवा अगदी वेगळं काहीतरी. आणि यादीत नवीन नाव टाकताना कारण त्याच क्षणी लिहा, चारच शब्दांत का होईना.

माझ्या वहीत सध्या सगळ्यात वर ती बंद विहिरीतली हाक आहे. २८० पानं आहेत, म्हणजे आठ तासांच्या आत. शनिवारी दुपार मोकळी आहे, पहिली सत्तर पानं तेव्हा वाचायची असं ठरलंय.